सलीमभाईंच्या अब्बांना दिलेलं मत

मंडळी, आज दुपारपासून मन थाऱ्यावर नाही.

आम्ही बारा जण कॉम्प्युटरवर बेसबॉलची लीग चालवतो. खेळाडू काल्पनिक, संघ प्रत्येकाचा आपापला. निवृत्त खेळाडूंपैकी कोणाला 'हॉल ऑफ फेम'मध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत घ्यायचं, हे आम्हीच मतं देऊन ठरवतो. त्यासाठी नऊ मतं लागतात.

आमच्यातले सलीमभाई धुळ्याला टेलर आहेत. त्यांनी आपल्या संघातल्या एका पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला, वारलेल्या अब्बांचं नाव दिलं होतं. यंदा त्या पिचरची शेवटची संधी होती आणि मतदान चारला बंद होणार होतं.

मी इकडे फैजपूरला मोबाईल धरून बसलेलो. पिचरच्या कामगिरीचे आकडे कमी पडत होते. दरवर्षी मी त्याच कारणाने 'नाही' म्हणत आलो. आज मात्र चारला दोन मिनिटं असताना 'हो' दाबलं.

निकाल आला. आठ मतं. खाली कोणी काय मत दिलं, त्याची यादी होती. सलीमभाईंनी स्वतःच 'नाही' म्हटलं होतं.

मी लगेच फोन लावला. "भाई, हे काय केलं तुम्ही?"

"आकडे कमी होते ना, भाऊ," ते शांतपणे म्हणाले. "अब्बांचं नाव कोणाच्या मेहेरबानीने वर जायला नको." मग विचारलं, "तुम्ही यंदा 'हो' का दिलं?"

नेटवर्क जातंय म्हणत मी फोन ठेवला, तेही खोटंच.

तुम्ही त्यांना काय सांगितलं असतं?