शेवटी बोलायची पाळी

आमच्या घरामागे राहणाऱ्या भाऊंइतका पोकर समजलेला माणूस चामोर्शी तालुक्यात दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतका हरलेलाही नसेल. धानाच्या गिरणीवर काम करता करता ते मोबाइलवर हा खेळ शिकले आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी समाजमंदिरात रंगणारी तीनपत्ती बंद करून त्यांनी पोकरची स्पर्धाच सुरू केली. हातात दोन पानं, मध्ये उघडी पाच, पैशांच्या जागी चिंचोके आणि बक्षीस एक कुकर. दहातले आठ डाव खेळायचेच नाहीत, पानं टाकून थांबायचं, हे त्यांचं पहिलं सूत्र. ते भाऊ जेवतानाही पाळत. भाजी आली तरी वरणाचा अंदाज घेत थांबत. "तुमच्या थांबन्यानं माही डाळ शिजत नाई," त्यांच्या घरच्या बाई म्हणत. त्या कुकरची वाट त्या तीन वर्षांपासून बघत होत्या.

दुसरं सूत्र मोठं होतं. "बाबू, जो शेवटी बोलते तो सगळ्यायचं आयकून बोलते. अर्धा डाव तिथीच जिंकला." म्हणून बोलायची, म्हणजे चिंचोके लावतो की पानं टाकतो हे सांगायची, पाळी दर डावाला एकेक घर सरकावी, असा नियम त्यांनी फळ्यावर लिहिला. पण भाऊ सगळ्यांत वडील. "तुमच्या आधी आमी बोलाचं? बरं दिसते का? पयले तुमी." मानामुळे भाऊ दरवर्षी पहिले बोलत आणि पहिले बाहेर पडत.

यंदा मात्र शेवटी तिघेच उरलो. भाऊ, किराणा दुकानदार आणि कसा कोण जाणे, मी. भाऊंनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी वर्गात हजेरीसुद्धा हळूच देणारा. पानं भिकार होती, तरी भाऊंना एकदा शेवटी बोलता यावं म्हणून म्हणालो, "सगळे चिंचोके लावतो."

"काऊन रे, भाऊच्या आधी?" दुकानदारानं दटावलं, मग त्यानंही सगळे लावले.

भाऊंनी दोघांचं मन लावून ऐकलं, बराच विचार केला आणि पानं टाकली. त्यांच्या हातात दोन बादशहा होते. दुकानदार दहाच्या जोडीवर जिंकला, आणि पुढच्या दोन डावांत कुकरही घेऊन गेला.

मला तोंड दाखवायची लाज वाटत होती. भाऊच पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हरलो, पन आयकून हरलो. आजवर माह्या आधी कोनी बोललंच नवतं."

आता कॉलेजात सरांनी प्रश्न विचारला आणि सगळे गप्प बसले, की कधीकधी मीच आधी हात वर करतो. उत्तर बहुधा चुकतं. पण मागच्या बाकावर कुणी भाऊ ऐकत बसला असेल, असं वाटतं.