दलालाचं वावर

अमरावतीच्या बाजारात तो कापसाचा दलाल होता. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत कधी पाहत नसे; बोटांनी रुई पिंजत राही. अमेरिकेतल्या लढाईमुळं तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. हा प्रत्येक कास्तकाराला सांगे, "ज्वारी कावून पेरता भाऊ? समद्या वावरात कापूस लावा." मीही तेच ठरवलं होतं.

पेरणीच्या दिवसांत बडनेऱ्याच्या वाटेवर तो स्वतःच्या वावरात तिफणीमागं चालताना दिसला. जवळ गेलो, तर तिफणीच्या चाड्यात ज्वारीचं बी सोडत होता. मी विचारलं,

"लोकाइले कापूस सांगता अन् तुमी ज्वारी पेरता?"

तो लाजला नाही. "बाजारात कापूस आला तं माहा धंदा चालते. पन घरी सहा तोंडं हायेत. तुमच्या घरी किती?"

त्यानं मला सावध केलं की नुसतं उडवून लावलं, कळेना. मी अर्ध्या वावरात ज्वारी पेरली. बायको म्हणाली, "भेले तुमी." भाऊबंद हसले.

लढाई संपली आणि भाव कोसळला. शेजारी ज्वारीसाठी मूर्तिजापूरपर्यंत हिंडले. आमची भाकरी घरची होती. दलालाचे उपकार मानावेत म्हणून बाजारात गेलो. तो एका म्हाताऱ्याला समजावत होता, "भाव पुन्हा चढन. औंदाही कापूसच लावा."

मी म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, घरी खायाले ज्वारी हाय का?"

दलालानं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत पाहिलं.