सगळ्यांचं एकच माप

मंडळी, नमस्कार. आधीच सांगतो, माझं मराठी म्हैसूरचं आहे. घरी मराठी, दुकानात कन्नड, देवळात दोन्ही... लिहिताना मधेच कन्नड घुसलं तर सांभाळून घ्या. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आम्ही पिढीजात शिंपी. इंच आणि पाव इंच, एवढ्यावरच माझी श्रद्धा. घरात विठ्ठल आहे, पण त्याच्यापुढेही मी काही मागत बसत नाही. तेव्हा कुणाला घाबरवायला हे लिहीत नाही. थकलोय आता, कुणाला तरी एकदा सांगून टाकावं म्हणून लिहितोय.

माझी धाकटी बहीण शालू, तिचा मुलगा नंदू. पुढच्या महिन्यात त्याचं लग्न आहे. आमच्या घरात नवऱ्यामुलाचा कोट मामाच शिवतो. आणि मी सत्तावीस वर्षं या पोराच्या अंगाला टेप लावलेला नव्हता. शालूला वाटायचं, मी भावोजींवर राग धरून असं करतो. खरं कारण मी तिला सांगितलंच नाही. काय सांगणार होतो?

नंदू जन्मला त्या वर्षीची गोष्ट. म्हैसूरच्या नजरबादेत आमचं एका मशीनचं दुकान होतं. जवळच्या कचेरीतला एक कारकून आमचं गिऱ्हाईक. त्याने विचारलं, सरगूरच्या पुढे एक काम आहे, येतोस का? जंगलाच्या कडेला एका टेकाडावर संशोधन केंद्र होतं. नाव सांगत नाही, आता ते उरलेलंही नाही. सरगूरपर्यंत बस, पुढे आठवड्यातून एकदा जाणारी जीप. फोन असून नसल्यासारखा. तिथून मोठाले फुगे वर सोडायचे. खाली यंत्राची पेटी बांधलेली. फुगा खूप वर जाऊन फुटला की पेटी पॅराशूटने खाली यायची. पेटीत चिकट पट्ट्या असायच्या, त्यांवर वरची धूळ बसायची. साहेब म्हणायचे, यातली थोडी धूळ आपल्या पृथ्वीची नाहीच. मी मान हलवायचो. मला पॅराशूट दिसत होतं, ते दर वेळी झाडात अडकून फाटायचं, आणि ते शिवायला माणूस पाहिजे होता.

तिथे चार जण काम करायचे. रंगनाथ साहेब, चांगलं पोट सुटलेले. जोसेफ, उंच आणि काडीसारखा. बसवराजू, पैलवानी छातीचा. आणि मूर्ती, बुटका, किडकिडीत, सदा हसणारा. पाचवा स्वयंपाकी सिद्दप्पा, सरगूरचाच, म्हातारा, खांद्यावर कायम कांबळं.

त्या खेपेला पॅराशूट आलं ते फारच फाटलेलं होतं. सिद्दप्पाने ते टाकीवर नेऊन हातांनी धुतलं, कुंपणावर वाळवलं. मी शिवायला बसलो. उसवलेल्या शिवणीतला दोरा चांगला मजबूत होता. चांगला दोरा टाकून द्यायचा नाही, ही आमच्या वडिलांची शिस्त. तोच ओढून काढला, टोक जिभेवर ओलं केलं, सुईत ओवलं. दिवसभरात पन्नास वेळा तरी केलं असेल. दोरा जिभेला थंडगार लागत होता, लोखंडाची चव यायची. सुम्मने, उगाच मनाचे खेळ म्हणून मी सोडून दिलं.

टेकाडावर वारा बोचरा. साहेब म्हणाले, आलाच आहेस तर सगळ्यांना लोकरीचे कोट शीव. मी चौघांची मापं घेतली. सिद्दप्पा काही जवळ येईना. माझं कांबळं आहे, म्हणाला, अळते बेडप्पा. माप नको बाबा. मी हसलो आणि टेप गुंडाळला.

पॅराशूटचा एक पट्टा वापरता येण्यासारखा नव्हता. तो मी साहेबांना विचारून घरी आणला. शिंप्याच्या घरात कत्रण वाया जात नाही. शालू बाळंतपणाला आमच्याकडेच आली होती, नंदू पंधरा दिवसांचा. तान्ह्याला पहिलं कापड वापरलेलंच घालायचं असतं, नवं टोचतं. ते कापड किती मऊ होतं म्हणून सांगू... मी त्याची कुंची शिवली. नंदूच्या डोक्यावर ती इतकी गोड दिसायची की आई दिवसातून दोनदा दृष्ट काढायची.

तीन आठवडे दुकान बंद ठेवून तेवढे कोटच शिवले आणि ते घेऊन ट्रायलला गेलो. जीपमधून उतरलो तर चौघं ओट्यावर भिंतीला टेकून ओळीने बसलेले. मूर्ती हसला नाही. सिद्दप्पा तेवढा नेहमीसारखा, कांबळं सावरत चहा देत होता. साहेब म्हणाले, थकवा आहे रे नुसता, ताप नाही, खोकला नाही, दिवसभर झोप काढूनही थकवा. एकालाही कोट बसेना. साहेबांना घोळदार, मूर्तीला छातीत चढेना, जोसेफच्या बाह्या तळहातावर आल्या. बावीस वर्षांच्या कामात मी एकदा असा चुकलो नव्हतो. म्हटलं, पुन्हा मापं घेऊ.

साहेब. छाती साडेअडतीस, खांदा पावणेअठरा, बाही सव्वाचोवीस, गळा पंधरा. मी वहीत लिहिलं. मग जोसेफ. छाती साडेअडतीस, खांदा पावणेअठरा... मला वाटलं, चुकून वरचंच पुन्हा वाचतोय. टेप बदलला. बसवराजू, तेच. मूर्ती, तेच. चार माणसं, चौघांची एकच मापं, पाव इंचाचाही फरक नाही. अंग वाळतं, सुटतं, हे मला कळतं. पण जोसेफची बाही दोन इंच कमी झाली होती. माणसाचं हाड कसं आटेल हो?

त्याच दुपारी मूर्तीची बायको भाड्याची जीप करून आली होती. हातात डबा, कडेवर दोन वर्षांची मुलगी. चौघं ओट्यावर पाठमोरे बसले होते. ती मागे येऊन थांबली. पुढे होईना. मी बघत होतो, तिला त्या चार पाठींमधली आपल्या माणसाची पाठ ओळखता येत नव्हती. शेवटी तिने हाक मारली. चौघांनीही एकदम मान वळवली. मूर्तीने तिच्याकडे असं पाहिलं, जसं आपण दुसऱ्याच्या घरी आलेल्या पाहुण्याकडे पाहतो. मुलगी रडायला लागली. ते रडणं मला अजून ऐकू येतं, खरंच सांगतो.

मला एकदम त्याच कापडाची कुंची आठवली. तिच्याच जीपने परत निघालो, दुसऱ्या दिवशी घरी पोचलो, पायताणसुद्धा न काढता नंदूच्या डोक्यावरून ती ओढली आणि न्हाणीतल्या चुलीत टाकली. शालू ओरडली, आई ओरडली. पोराच्या अंगावर ती अकरा दिवस होती, एवढंच मोजत राहिलो.

पुढे त्या चौघांना म्हैसूरला आणून तपासलं. रक्त चांगलं, छातीचा फोटो चांगला. मी वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो होतो. ते भले माणूस, चहा पाजला, आणि म्हणाले, माप सारखं असणं हा काही रोग नव्हे. केंद्र बंद झालं, चौघांच्या चार दिशांना बदल्या झाल्या. काही वर्षांनी एक जण बसस्टँडवर बाकावर बसलेला दिसला. मी जवळ जाऊन उभा राहिलो, पण मूर्ती की जोसेफ, ते मला ठरवता येईना. त्यानेही ओळख दाखवली नाही. थकलेला दिसत होता.

त्यानंतर कुणाच्या पाठीला टेप लावायचा म्हटलं की मी तो गुंडाळून बाजूला ठेवायचो. मी सांगायला लागलो, मापाचा शर्ट आणा. बसणारा एक जुना शर्ट द्या, त्यावरून शिवतो. सत्तावीस वर्षं असंच चाललं. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याची खोड. नंदूला मात्र मापाच्या शर्टावरूनही शिवलं नाही. त्याच्या अंगात ते आलं असेल तर मला ते आकड्यात बघायचं नव्हतं. मुंजीला रेडीमेड, कॉलेजला रेडीमेड. पोर मोठं होत होतं, हसत होतं, मी लांबूनच अंदाज घ्यायचो. शालूशी त्यावरून दोनदा भांडण झालं.

आता लग्न. कोट काही टी-शर्टवरून शिवता येत नाही, आणि हा बेंगळुरूला सॉफ्टवेअरमधला, त्याच्याकडे दुसरं काही नाही. तीन आठवड्यांपूर्वी रविवारी सकाळी स्वतःच दुकानात आला, दोन्ही हात पसरून उभा राहिला, आणि म्हणाला, "मामा, एकदा तरी माझं माप घ्या की. मी काय परका आहे?" म्हटलं, एकदाचं बघून टाकू, जे असेल ते असेल.

छाती चाळीस. खांदा साडेअठरा. बाही पंचवीस. गळा पावणेसोळा. मी दोनदा, तीनदा घेतलं. त्याचं स्वतःचं, कुणाशी न जुळणारं माप. मी स्टुलावर बसलो आणि चक्क रडलो. सत्तावीस वर्षांचं ओझं होतं हो ते. तो बिचारा घाबरला. मग मला हसवायला म्हणून त्याने माझ्या गळ्यातला टेप काढून घेतला. तुम्हालाही कोट पाहिजे, म्हणाला, उभे राहा. शिंपी स्वतःचं माप कधी घेत नाही. आमचे कपडे जुन्या कटिंगवरून, डोळ्याच्या अंदाजाने, ढगळ. मी हसत उभा राहिलो. तो मोबाईलमध्ये लिहीत मोठ्याने वाचत होता.

"छाती साडेअडतीस... खांदा पावणेअठरा... बाही सव्वाचोवीस... मामा, गळा पंधरा."

तो गेल्यावर मी कपाटातून ती वही काढली. पानं पिवळी पडलीत, आकडे स्पष्ट आहेत. कापड धुतलं सिद्दप्पाने, उघड्या हातांनी, आणि तो तसाच्या तसा राहिला. कुंची घातली नंदूने, तोही तसाच. ज्या चौघांना मी टेप लावला, तेवढेच बदलले. तो दोरा पन्नास वेळा जिभेला लावणारा मी. आणि मी माझ्या हातांनी, प्रेमाने, नंदूचं माप घेतलंय. तीनदा.

त्या चौघांसारखा मीही नंतर बदललो, की हे पहिल्यापासून माझंच माप होतं आणि त्यांना ते लागलं, हेसुद्धा मला कळायला मार्ग नाही. माझं जुनं माप कुठेच लिहिलेलं नाही. कुणाला कारण माहीत असेल तर सांगा. मला सापडलेलं नाही.

कोट तयार आहे. गुरुवारी ट्रायल आहे, मी शालूला सांगितलंय की दुसऱ्या शिंप्याकडे घेऊन जा, मला बरं नाही. ती फोनवर बोलत नाहीये. काल नंदूचाच फोन आला, माझी चौकशी करायला. तब्येत कशी आहे विचारलं, मग म्हणाला, मलाही हल्ली फार थकल्यासारखं होतं मामा, लग्नाची धावपळ, दुसरं काय.