ओठावरचा दोरा

डॉ. वासंती परुळेकर मासे धरताना डोळे मिटून घ्यायच्या. दोह्याच्या उत्तरेला असलेल्या अल खोरच्या कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या कठड्याच्या रस्त्यावर, शुक्रवारी सकाळी गळ टाकणारे बरेच असतात. सगळ्यांची नजर रॉडच्या टोकाकडे, आणि त्यांच्यात ही पन्नाशी ओलांडलेली, सलवार-कमीजवर टोपी घातलेली बाई डोळे मिटून उभी. मला पहिल्यांदा वाटलं, यांना चक्कर येतेय. मी जवळ जाऊन इंग्रजीत विचारलं, बसायला खुर्ची आणू का? त्यांनी डोळे न उघडता मराठीत उत्तर दिलं, "गप रव. तो चाखता हा."

माझं इंग्रजी ऐकून त्यांनी माझं मराठीपण कसं ओळखलं, हे मी नंतर विचारलं होतं. "उच्चारावरून," म्हणाल्या. "आणि घाटावरच्या माणसाशिवाय समुद्रावर असा मोठ्याने कोण बोलतो?"

मी बार्शीचा. जवळच्या रास लफान या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीच्या स्टोअरचा हिशेब बघतो आणि कंपनीच्या बसने रोज जातो-येतो. नोकरीसाठी इथे येईपर्यंत मी समुद्र दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीत. परुळेकर मॅडम मालवणच्या. अल खोरमधल्या एका दवाखान्यात त्या दातांच्या डॉक्टर होत्या, आणि माझी एक दाढ त्यांनीच वाचवली. दवाखान्यात त्या मला "अहो गायकवाड, तुम्ही आ करा" म्हणत. समुद्रावर तेच "अरे गायकवाड, तू मागे सर" व्हायचं. तिथे त्यांची भाषाही मालवणी व्हायची. या बदलाबद्दल त्यांना कधी काही वाटलं नाही आणि मलाही नाही.

त्यांची पद्धत तिथल्या सगळ्यांपेक्षा वेगळी होती. बाकीचे जड शिसं आणि कोळंबीचं आमिष लावून लांब फेकत, रॉड कठड्याला टेकवत आणि चहा प्यायला बसत. मॅडमचा रॉड छडीसारखा बारीक. दोऱ्याच्या टोकाला जिग, म्हणजे शिशाचा एक छोटा मणी आणि त्यातूनच निघालेला गळ, सगळं मिळून चार ग्रॅम. मी माझ्या खिशातल्या लटकवायच्या छोट्या तराजूवर तोलून पाहिलं आहे. गळावर करंगळीएवढी मऊ प्लास्टिकची तपकिरी अळी. ही अळी तळाशी सोडायची, जरा उचलायची, परत पडू द्यायची. दोरा तर्जनीवर हलका टेकवलेला. बाकी सगळं काम त्या बोटाचं.

"तळ वाचूक शिक," त्या मला सांगायच्या. "वाळू म्हणजे पिठात बोट. गवत म्हणजे ओल्या टॉवेलावर हात. आणि खडक म्हणजे दातावर नख." मला वर्षभर तिन्ही सारखेच लागत होते. पण एकदा नख दातावर लागल्याचं खरंच कळलं, आणि मी ते बायकोला फोन करून सांगितलं. सुनीता म्हणाली, "मासा मिळाला का?" मी म्हटलं, "नाही, दगड मिळाला."

मॅडमचं आवडतं वाक्य एकच होतं: "मासो पयलो चाखता, मगे खाता. चाखताना पकडूक व्हयो." प्लास्टिकची अळी माशाच्या तोंडात क्षणभरच राहते. फसवणूक कळली की तो ती थुंकतो. त्या क्षणाची टिचकी बोटाला कळली तर मासा तुमचा.

आमच्या शेजारी कोयाभाई नावाचे केरळचे गृहस्थ बसत. त्यांच्या रॉडच्या टोकाला छोटी घंटी बांधलेली असे, मासा लागला की वाजणारी. ते मॅडमना चिडवायचे, "मॅडम, ये रबर का केंचुआ है, ये मछली को भी मालूम है."

"मालूम है, इसीलिए तो चख के देखती है," मॅडम म्हणायच्या. "आपकी घंटी बजने तक वो खा के, थूक के, घर पहुँच जाती है."

आणि मोजून पाहिलं तर मॅडमचे मासे जास्त असायचे. कोयाभाई हे मान्य करत, पण घंटी काढत नसत.

मग मॅडमना कर्करोग झाला. उपचार दोह्यात झाले आणि आजार गेला, पण औषधांनी त्यांच्या बोटांच्या टोकांची जाणीव नेली. चहाचा कप गरम आहे की गार, हे त्यांना कपाला हात लावून कळेना. डॉक्टर म्हणाले, थोडी परत येईल, कदाचित येणारही नाही. त्यांनी काम थांबवावं असं दवाखान्यात कुणीच म्हटलं नव्हतं. त्या स्वतः जाऊन सांगून आल्या. मला म्हणाल्या, "माझ्या बोटाला कळत नाही गायकवाड. मग मी ते दुसऱ्याच्या तोंडात कसं घालू?" आवाज अगदी नेहमीचा. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

नोकरी गेली की इथला मुक्काम संपतो. मालवणात बहिणीकडे जायचं ठरलं. सामान बांधायला घेतलं तेव्हा सुनीताने विचारलं, "वासंतीताई, रॉड कशात भरू?"

"तो आत्ता नको," त्या म्हणाल्या. "एक मासा. माझ्या पद्धतीने. तो मिळाला तर रॉड नेईन, नाहीतर इथेच कुणाला तरी देऊन टाकीन. रिकामा हात घेऊन गावाला जाणं वेगळं आणि मेलेला हात घेऊन जाणं वेगळं."

आम्ही शुक्रवारी आणि शनिवारी जायला लागलो. त्या पूर्वीसारख्या डोळे मिटून उभ्या राहायच्या. दोऱ्याला टिचकी बसलेली मला डोळ्यांनी दिसायची, त्यांच्या बोटाला कळायची नाही. कोयाभाईंनी आपली घंटी काढून पुढे केली. या वेळी चिडवायला नाही. मॅडमनी हात जोडले आणि नको म्हटलं.

मी एक तोड काढली. रॉड त्यांनी धरायचा, दोऱ्यावर बोट माझं. कळलं की मी "आला" म्हणायचं. सकाळभर तेही करून पाहिलं. शेवटी त्या म्हणाल्या, "अरे, तू 'आला' म्हणासर तो गेलो. तुझ्या बोटापासून तुझ्या तोंडापर्यंत बार्शी लागता वाटेत." मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

जायला आठवडा उरला असताना त्या आमच्याकडे जेवायला होत्या. सुनीताने शेरी नावाच्या इथल्या माशाचं कालवण केलं होतं. जेवता जेवता मॅडम थांबल्या. ओठांतून त्यांनी केसाएवढा काटा काढला, ताटाच्या कडेला ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसल्या.

"काटे राहिले का हो?" सुनीताने विचारलं.

"सुनीता, शिवणाचा दोरा आहे घरात?"

सुनीताने रीळ आणून दिलं. मॅडमनी दोऱ्याचं टोक मला दिलं, मला जेवणाच्या टेबलाच्या पलीकडे बसवलं आणि दुसरं टोक हातात धरून दोरा खालच्या ओठावर टेकवला. डोळे मिटले. "आता तुला वाटेल तेव्हा टिचकी मार. हळू. अजून हळू."

मी मारली. "आता," त्या म्हणाल्या. परत मारली. "आता." मी काहीच न करता बसून राहिलो. "फसवतंस काय रे?" मग मी नखाचं टोक नुसतं लावलं. मला वाटलं, हे काही कळायचं नाही. "आता."

डोळे उघडून त्या आम्हाला डॉक्टरसारखं समजावायला लागल्या. "तोंडात केस आला तर कळतो की नाही? दातात कण अडकला तर डोंगर वाटतो. उभा जन्म मी लोकांना हेच सांगत आले." सुनीता म्हणाली, "ताई, भात गार होतोय." त्यांनी त्या दिवशी दोनदा भात घेतला.

शुक्रवारी भरती सकाळची होती. मॅडम खडकाजवळच्या आपल्या जागेवर गेल्या, चार ग्रॅमची जिग टाकली आणि रॉड चेहऱ्याजवळ उचलून दोरा ओठाला लावला. बासरी वाजवायला घेतल्यासारख्या दिसत होत्या. येणारे-जाणारे बघायला लागले. कोयाभाईंनी स्वतःची घंटी मुठीत दाबून धरली, वाजू नये म्हणून.

"वाळू," मॅडम पुटपुटल्या. मग "गवत." मग बराच वेळ काही नाही. दोन वेळा त्यांनी झटका दिला, दोन्ही वेळा रिकामा. मी तराजू खिशातून काढला नव्हता. काढला तर अपशकुन होईल असं वाटत होतं, आणि मी अपशकुन मानत नाही.

"दातावर नख," त्या म्हणाल्या. म्हणजे खडक आला. आणि पुढचा शब्द न बोलता त्यांनी मनगट वर मारलं. मान मागे घ्यायला निमिषभर उशीर झाला, दोरा ओठावरून सर्रकन गेला आणि रॉड वाकला.

कोयाभाई इथल्या अरबीत "चला, चला" करत ओरडले, "यल्ला मॅडम, यल्ला!" मॅडम त्यांनाही "गप रव" म्हणाल्या. ते ओरडायचे थांबले. त्यांना मालवणी येत नाही. मासा खडकात शिरायला बघत होता, त्या त्याला जोर न लावता बाहेर वळवत होत्या. पाण्यावर आला तेव्हा दिसलं, हामूर. आपल्याकडचा गोबरा. मॅडमच्या ओठातून रक्ताची बारीक रेघ हनुवटीपर्यंत आली होती.

मी तराजूला मासा लटकवला. आठशे चाळीस ग्रॅम. परत शून्यावर आणून पुन्हा तोललं. आठशे चाळीस.

त्या माशाकडे नाही, स्वतःच्या हाताकडे बघत होत्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बोट गेला तर गेला. मी आसंय." मी एवढंच म्हटलं, "रॉड भरायला सांगतो सुनीताला."

मासा सोडणार का, असं मी विचारलं होतं. हल्ली पुष्कळ जण सोडतात. "मालवणी माणूस मासो सोडता? खुळो की काय तू?" कालवण त्यांनीच केलं, नारळ सुनीताने खवून दिला. तिखट ओठाला झोंबत होतं, पण थांबल्या नाहीत.

निरोपाच्या जेवणाला कोयाभाई आले होते. त्यांनी सगळ्यांना हिंदीतून ती गोष्ट सांगितली, आणि हामूर दोन किलोचा केला. मॅडम म्हणाल्या, "तराजू गायकवाडांकडे आहे. त्यांना विचारा." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "आठशे चाळीस ग्रॅम." लोक हसले. कोयाभाई हिरमुसले. मॅडमनी मात्र मान डोलावली, जणू मी त्यांचं मोठं कौतुक केलं होतं. मला तरी ते तसंच करायचं होतं. त्या माशाला वाढवून सांगणं म्हणजे त्या बाईला कमी करणं झालं असतं.

त्या गेल्या तेव्हा विमानतळावर रॉडची नळी त्यांनी सामानात दिली नाही म्हणून काउंटरवर वाद झाला. शेवटी दिली. पण आधी उघडून दाखवली आणि त्या माणसाला काळजी घ्यायला बजावलं.

पंधरा-वीस दिवसांनी मी बसमध्ये असताना त्यांचा फोन आला, मागे लाटांचा आवाज. दोनच शब्द: "ओठ फुटलो."

मी लगेच विचारलं, "किती ग्रॅम?"

"तुझो तराजू हय खंय आसा?"

त्या शुक्रवारी मी कॉर्निशवर कोयाभाईंना सांगितलं की मॅडमना मालवणात मासा मिळाला. वजन माहीत नाही, हेही सांगितलं.