फ्रिजमधला कॅन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, देवीपुढं हात जोडतानाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आमच्या बावडा गावात राहत नाही.

सुजाता माझी धाकटी जाऊ. तिला सहावा महिना होता आणि सांध्यांच्या दुखण्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या चालू होत्या. अंगातलं हार्मोन किती ते बघायला डॉक्टरांनी चोवीस तासांची लघवी एका कॅनमध्ये धरायला सांगितली. कॅन फ्रिजमध्ये ठेवायचा होता. सासूबाईंनी माझी मेथी-कोथिंबीर बाहेर काढली आणि कॅन आत ठेवला.

माझ्या दोन्ही पोरींच्या वेळी मी नवव्या महिन्यापर्यंत वैरण कापली. आणि हिचं मूतसुद्धा जपायचं? — हसू नका. मला हसू आलं नव्हतं, अंगाची लाही झाली होती.

दुपारी ती झोपली होती. मी कॅन न्हाणीत नेला आणि निम्मा ओतून दिला. वाईट वाटलं? छे. बरं वाटलं — खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

रिपोर्टात हार्मोन कमी आलं. काही वाया गेलं का, असं डॉक्टरांनी विचारलं.

"एक थेंब सांडला न्हाय, सर," ती म्हणाली. मी शेजारीच उभी होते.

मग गोळी वाढवली. त्यानं साखर वाढली, रोज इन्सुलिनची सुई सुरू झाली. सुई टोचताना ती माझाच हात धरायची.

पुढं दवाखान्यात नर्ससमोर परत तपासणी झाली, तेव्हा कळलं की पहिला कॅनच अर्धवट होता. पोरगं सुखरूप झालं. पण चूक कुणाची ठरली? तिची.

"एक कॅन धड भरता आला न्हाय, प्वार काय सांभाळतीया!" सासूबाई येईल-जाईल त्याला सांगायच्या. मीही हसायचे. आधी ती भांडली. आणि मग — हेच सांगायचं होतं — तिला स्वतःलाच वाटायला लागलं, की आपण विसरलो असू. आता गॅस बंद केलाय का हे ती तीनदा बघते, तरी मला विचारते.

गेल्या आठवड्यात पोराला ताप होता. तिनं औषधाची बाटली माझ्या हातात दिली.

"अक्का, तुम्हीच देत जावा की. माझ्या काय ध्यानात ऱ्हात न्हाय."

मी बाटली घेतली. आता औषधाच्या वेळेला पोरगं माझ्याकडं येतं.