भट्टीवर गेलेला बनाना ब्रेड

हसनाबादेत बनाना ब्रेड शिकवणारी मी पहिली आणि शेवटची बाई.

गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. माहेर औरंगाबादचं, पदरात गृहविज्ञानाची पदविका (पहिल्या श्रेणीत, हे मी तेव्हा दिवसातून दोनदा सांगत असे) आणि आंदणात काचेच्या झाकणाचा गोल ओव्हन. अशा बाईनं सासरी नुसत्या भाकरी थापत बसायचं? मला पाककलेचा वर्ग काढायचा होता आणि त्यासाठी घरातली पुढची खोली हवी होती. पुढच्या खोलीत ज्वारीची पोती होती, आणि पोत्यांवर हुकूम आत्याबाईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा चालायचा.

महिनाभर मी भुणभुण लावली तेव्हा कुठे त्यांनी तोंड उघडलं. "गुरुवारी चार बायका चहाला बोलावते. तुझं काय असंल ते त्यायला खाऊ घाल. त्यायला आवडलं तर पोती हालवते. न्हाई आवडलं तर मंग पुन्हा हा विषय काढायचा न्हाई."

चार बायकांत शेजारच्या पार्वतीकाकू होत्या. या काकूंनी स्वतःच्या मुलीच्या लग्नातल्या बुंदीलाही नावं ठेवली होती, यावरून काय ते समजा.

शहाण्या बाईनं अशा वेळी शिरा केला असता. मी एका मासिकाचं कात्रण काढलं आणि दालचिनीच्या वळणाचा बनाना ब्रेड करायचं ठरवलं! अर्ध्या मिश्रणावर दालचिनी-साखर भुरभुरायची, वर उरलेलं मिश्रण ओतायचं आणि सुरी गोल फिरवायची, की कापल्यावर प्रत्येक फोडीत तपकिरी वळण दिसतं, जिलबीसारखं. त्या वळणावर माझा फार जीव जडला होता.

अडचणी सोमवारपासूनच सुरू झाल्या. किराणा दुकानात दालचिनी मागितली तर दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. मग गावच्या भाषेत 'कलमी' म्हणाल्यावर त्यानं पुडी बांधली आणि घरात खोकला कुणाला झालाय याची चौकशी केली. लांबट साचा गावात मिळेना, तेव्हा तेलाचा डबा कापून एका कारागिराकडून करून घेतला. केळी काळी पडेपर्यंत पिकवायची होती. मी ती फडताळात जपून ठेवली, आणि बुधवारी आत्याबाईंनी त्यातली निम्मी म्हशीला घातली. म्हैस मात्र खूश होती.

गुरुवारी सकाळी उरलेली केळी कुस्करली, अंडं घरात चालत नाही म्हणून दही आणि सोडा घातला, कलमीचं वळण अगदी चित्रातल्यासारखं जमवलं, साचा ओव्हनमध्ये ठेवला, बटण दाबलं आणि वीज गेली.

अर्धा तास वाट पाहिली. आता वीज येते, मग येते! सोडा घातलेलं मिश्रण तुमच्या विजेसाठी थांबत नाही, हे मी पदविकेत शिकले होते. वीज जाते, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटी रहीमचाचांच्या बेकरीची भट्टी आठवली. दिवाळीला गावातल्या बायका मैदा, तूप, साखर घेऊन त्यांच्याकडे जायच्या आणि नानकटाई भाजून आणायच्या. त्यांच्या हाताला यश होतं. मी स्वतः जाणार, तर आत्याबाईंनी मला चिवड्याला बसवलं. मग साचा आमच्या ह्यांच्या हाती दिला. ह्यांचं बियाण्याचं दुकान, पदार्थाशी संबंध फक्त खाण्यापुरता. म्हणून मी तीन-तीनदा बजावलं, की तिथून हलायचं नाही आणि चाचांना सांगायचं, "रंग टोस्टसारखा आला पाहिजे." (हे वाक्य माझंच आहे. नाकारायची सोय नाही.)

हे गेले ते गेलेच. तीन वाजले, चार वाजले. बायका येऊन बसल्या, चिवडा संपत आला, पार्वतीकाकूंनी त्यात मीठ कमी असल्याचं जाहीरही केलं. आत्याबाई माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर ज्वारीची पोती जन्मभराची ठाण मांडून बसलेली दिसत होती.

साडेचारला हे मागच्या दारानं आले. हातात साचा नव्हता, पत्र्याचा डबा होता. मी झाकण काढलं. आत टोस्ट! खणखणीत, कडक, एकसारखे तपकिरी टोस्ट.

"हे काय?"

"अगं, मी चहाला गेल्तो जरासा. चाचांनी भाजलं, कापून पाह्यलं, तर आतून काळं निघालं. गोल-गोल. त्यांना वाटलं, कच्चं राह्यलं का काय, का मैद्यात काही पडलं. म्हणले, भाभी की इज्जत का सवाल है. मंग तू टोस्ट म्हणलीच होती. त्यांनी सगळ्या फोडी पुन्हा भट्टीत टाकल्या. आता बघ, एक बी डाग दिसून न्हाई राह्यला."

ज्या वळणासाठी मी चार दिवस जिवाचं रान केलं होतं, ते त्या सज्जन माणसानं माझी अब्रू वाचवायला भाजून नाहीसं केलं होतं. मला रडू आलं. हे म्हणाले, जास्तीचे पैसेसुद्धा घेतले नाहीत चाचांनी!

इलाज नव्हता. ताटलीत टोस्ट मांडले, चहा नेला आणि मान खाली घालून उभी राहिले. पार्वतीकाकूंनी एक उचलला, चहात बुडवला, तोंडात टाकला. दुसरा उचलला. मग तिसरा. मी मान वर केली तेव्हा ताटली रिकामी होती.

मी गप्प राहायला हवं होतं. पण पहिली श्रेणी! मी समजावू लागले, की खरा पदार्थ असा नसतो, तो मऊ असतो, आत वळण असतं.

"मऊ कशाला?" काकू म्हणाल्या. "चहात बुडवल्यावर मऊच होतंय की!"

त्याच संध्याकाळी आत्याबाईंनी पोती हलवली. मला इतका आनंद झाला, की मी ह्यांनाही माफ करून टाकलं.

वर्गाला पहिल्या दिवशी नऊ बायका आल्या. नशिबानं वीजही होती. मी बनाना ब्रेड केला, अगदी शास्त्रशुद्ध. लुसलुशीत झाला, कापल्यावर फोडीफोडीत वळण! माझ्याच हातचं काम बघून मला भरून आलं. नऊ बायकांनी त्याला बोट लावून पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं आणि मग सगळ्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं.

आत्याबाईंनी एक घास खाल्ला. मग वर्गासमोर मला खाली पाहायला लागू नये म्हणून हळूच कानाशी आल्या.

"कच्चं राह्यलं गं. काळजी नको करू, म्या हाय ना. म्या बायकायला बोलण्यात गुतवून ठेवते, तू जल्दी जाऊन ये."

आणि मी, गृहविज्ञानाची पदविकाधारक, पदराखाली ताट झाकून मागच्या दारानं निघाले. रहीमचाचांनी ताटातल्या फोडी पाहिल्या आणि हळहळले.

"फिर काला निकला, भाभी?"

"हो, चाचा," मी म्हणाले, "जरा नीट भाजून द्या."