विहिरीवर नेलेलं पाणी

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत इसम वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ऐन थंडीत, तोंडाला क्रीम न लावता, अंगावर पावडर न थापता, धुऊन धुऊन विरलेला सुती सदरा घालून नाशिकहून सिन्नरकडे रवाना झाला. हे राष्ट्रकार्य होतं. निदान बायकोला मी तसं सांगितलं.

"लग्नात एवढं सोवळं पाळलं नव्हतंत," ती म्हणाली.

मी एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. बाटल्या धुणं, बाटल्या भरणं आणि रिकाम्या वेळात बाटल्यांना गोष्टी सांगणं, हे माझं काम. आमच्या मॅडम फ्लोरिनवाल्या रसायनांवर संशोधन करतात. न चिकटणारा तवा, पाणी न झिरपणारा रेनकोट, डाग न धरणारा सोफा, आग विझवायचा फेस, अशा बऱ्याच ठिकाणी ही मंडळी भेटतात. त्यांचा मोठा गुण म्हणजे ती संपत नाहीत. ऊन, माती, जंतू, कुणालाच दाद देत नाहीत. पाण्यात उतरली की पाण्यात राहतात आणि पाणी पिणाऱ्याच्या रक्तात मुक्काम ठोकतात. त्यांना इतकं बारीक मोजावं लागतं की नमुना घेणाऱ्याच्या हाताच्या क्रीमनंही सगळं बिघडतं. म्हणून हे सोवळं. वाटेत वडापावसुद्धा नाही, कारण तेल न शोषणारा कागद विटाळ करतो. सिन्नरच्या स्टँडवर तळणाचा वास घेत उपाशी उभं राहणं म्हणजे काय, हे मला विचारा.

विहीर माझ्या थोरल्या बहिणीची. कारखान्यांच्या मागून वाहणारा नाला तिच्या शिवारापासून लांब नाही. एरवी मी तिची विहीर सुचवलीही नसती, पण माझी भाची बाळंतपणाला माहेरी आली होती आणि अंगावरचं दूध पुरेना म्हणून बाळाला पावडरचं दूध सुरू होतं. ते कालवायचं ह्याच पाण्यात. "मी चांगलं वीस मिनिटं उकळते की," ताई फोनवर म्हणाली. उकळून ही रसायनं जात नाहीत, उलट पाणी आटतं आणि ती तेवढीच राहतात. हे मी तिला सांगितलं नाही. म्हटलं, आधी तपासू.

मॅडमचा एक विद्यार्थी आणि मी पोचलो तेव्हा ताई आंघोळ करून, सुती लुगडं नेसून उभी होती. सोवळं म्हटल्यावर तिला वेगळं समजवावं लागलं नाही. मी पेटीतून सहा बाटल्या काढल्या. त्यातली एक भरलेली होती.

"विहिरीवर पाणी घेऊन आला का रं?" ताई म्हणाली. "गुळाच्या गाडीवर साखर!"

ते कोरं पाणी. प्रयोगशाळेचं, अतिशुद्ध, आमच्या पगाराला न शोभणारं. ते विहिरीपाशी नेऊन उघडायचं, दुसऱ्या बाटलीत ओतायचं आणि झाकण लावायचं. त्यात काही सापडलं तर समजायचं की घाण आमच्याच हातची. सापडलं नाही तर विहिरीचा निकाल खरा. ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी हे पानी साक्षीदार हाय."

दाजींनी आम्हाला मोटारीच्या नळाकडे नेलं. कॉलेजची माणसं येणार म्हणून त्यांनी आदल्या दिवशी सगळे सांधे नव्यानं आवळले होते. "बघा, एक थेंब गळत नाय!" खरंच गळत नव्हता. नमुने घेतले, चहा घेतला, मी फोटो काढले. ताईनं पिशवीत भुईमुगाच्या शेंगा कोंबल्या.

नमुने बाहेरगावच्या मोठ्या प्रयोगशाळेत गेले. अहवाल यायला दीड महिना लागला. आकडा भलताच चढा होता. मॅडमनी दोन दिवस सगळे कागद पुन्हा तपासले. तिसऱ्या दिवशी माझे फोटो पाहता पाहता त्यांनी नळाच्या सांध्यावर बोट ठेवलं. पांढरी टेप. प्लंबर गुंडाळतात ती, टेफ्लॉनची, म्हणजे न चिकटणाऱ्या तव्याच्याच घराण्यातली. दाजींनी पाहुण्यांच्या मानासाठी अख्ख्या पाइपाला पगडी बांधली होती आणि मी त्या पगडीचे, दाजींसकट, चार फोटो काढले होते.

मला तर नाचावंसं वाटलं. मी ताईला फोन करून ओरडलो, "दाजींना ओवाळ! सगळा दोष त्यांच्या टेपचा!" मागून दाजींचा आवाज आला, "आयला, दोष घ्यायला पन आपलाच मान!" त्या दिवशी मी प्रयोगशाळेत पेढे वाटले. नुसत्या आशेचे पेढे. बाळ मात्र तेच पाणी पीत होतं. आशा असली की माणूस पाणी बदलत नाही, हे मला तेव्हा उमगलं नाही.

दुसऱ्यांदा आम्ही नळाला हातही लावला नाही. सुती दोराला आमची धुतलेली स्टीलची बादली बांधून थेट विहिरीतून पाणी काढलं. तुलनेसाठी माझ्या नाशिकच्या घरातलं पाणीही दिलं. ताईला मी आधीच सांगून ठेवलं होतं, काही निघालंच तर बाळ-बाळंतीण आमच्याकडे.

दुसऱ्या अहवालात विहिरीचा आकडा खाली आला होता. पण होता. माझ्या घरचा त्याहून कमी. पण होताच. कुठून आलं देव जाणे, टेप माझ्याही नळाला आहे. फक्त कोऱ्या बाटलीपुढे काही नव्हतं. साक्षीदार खरा निघाला.

मॅडमनी अहवाल घेऊन एका सरकारी कचेरीत वेळ मागितली. ताई हट्टानं एसटीनं आली. साहेब भले होते, खुर्च्या दिल्या, चहा मागवला, कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे पिण्याच्या पाण्यात यांची मर्यादा अजून ठरलेली नाही. मर्यादाच नाही तर ओलांडली असं मी कसं लिहू?"

"इतर देशांत ठरल्या आहेत."

"तिकडच्या मर्यादा मी इकडे कशा लावू? तुम्ही लेखी द्या, मी वर पाठवतो. तोवर घरी फिल्टर बसवा."

"चांगला फिल्टर बरंचसं अडवतो," मॅडम ताईला म्हणाल्या. "सगळंच अडवेल असं मी सांगू शकत नाही."

"अडवलेलं जातं कुठं?" ताईनं विचारलं.

"वेगळ्या नळीनं बाहेर."

"आमची मोरी विहिरीकडंच उतरती."

मी आयुष्यभर अशा वेळी एखादा विनोद टाकून सुटत आलो आहे. त्या दिवशी जमलं नाही. पेढ्यांची चव आठवली. दाजींचा फोटो आठवला. बाळ आता पालथं पडायला लागलं होतं.

साहेबांनी चष्मा काढला. खऱ्या सहानुभूतीनं म्हणाले, "बाई, अगदी स्वच्छ पाणी आता राहिलंय कुठं?"

मॅडमना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा दोष आहे. त्यांनी अहवालाच्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ह्या एका बाटलीत होतं. आमच्या कोऱ्या."

ताई खुर्चीवरून ताडकन उठली. पदर खोचला, जणू आत्ताच भरून न्यायचं होतं.

"मंग तेच द्या ना मला! मोप नको, बाळापुरतं द्या!"